जांभळ्या पिशवीचा महिमा

लघवी बघायला माणसं रांग लावतील असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला चार दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं असतं. पण रांग लागली. ती तिसऱ्या मजल्यावरच्या दारातून निघायची, दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारापुढे वळसा घ्यायची आणि खाली उतरून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जायची. झेरॉक्सवाला मूळचा संशयी माणूस. पण रांगेचं शेपूट आपल्या पायरीवर आलंय म्हटल्यावर त्याची श्रद्धा जागी झाली आणि तो पिशवीचे रंगीत फोटो लॅमिनेट करून विकू लागला.

पिशवी म्हणजे लघवीची पिशवी. हे एकदा स्वच्छ सांगून टाकलेलं बरं, कारण रांगेतलं कुणी तसं म्हणत नसे. ते ‘दर्शन’ म्हणत.

“आज कशी आहे हो?” चढणारा उतरणाऱ्याला विचारी.

“गडद! काल जरा उतरली होती म्हणे. आज बघा, अगदी वांग्याची साल!”

“नशीब आमचं. हात लावू देतात का?”

“पिशवीला नाही. नळीला देतात. तेही बाहेरून.”

नळीला आतून हात कसा लावतात, हे विचारायला मी दार उघडलं होतं, पण समोर चपलांचा ढीग पाहून पुन्हा लावून घेतलं. त्याच ढिगावरून दूधवाला घसरला आणि अर्धा जिना बसल्याबसल्या उतरला. हाड मोडलं नाही, म्हणून तोही चमत्कारात धरला गेला. दूध सांडलं, ते कशातच धरलं नाही.

पिशवीचे मालक म्हणजे आमचे लाँड्रीवाले अण्णा. चौकातल्या लाँड्रीत त्यांनी आयुष्य काढलं, आणि ते बहुतेक गिऱ्हाइकांशी भांडण्यात. शर्टावरचा डाग दाखवून कुणी म्हणालं, “अण्णा, आपोआपच पडला हो,” की अण्णा चष्म्यावरून बघत. “आपोआप दात पडतात. डाग पाडावा लागतो. काय सांडलंत ते बोला, नाहीतर न्या परत.” अशा तोंडाळ माणसावर देवानं उगवलेला सूड म्हणजे एका दुपारी इस्त्री हातात असतानाच त्यांची उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर वाचाही. लघवी तुंबली. हॉस्पिटलात नळी घातली, नळीला पिशवी लावली, आणि बरं वाटल्यावर घरी सोडलं.

सोडताना डॉक्टरीणबाईंनी अण्णांच्या मुलीला बजावलं होतं, “ही नळी महिन्याच्या आत बदलायची. पोट साफ राहिलं पाहिजे, हे पातळ औषध रोज द्यायचं. आणि थंडी वाजून ताप आला तर फोन नाही करायचा, सरळ घेऊन यायचं.”

“हो,” मुलगी म्हणाली.

“मॅडम, डोन्ट वरी,” जावई म्हणाले. हा जावई डोन्ट वरी म्हणाला की माणसानं वरी करायला लागावं, हे बाईंना तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्हाला होतं.

अण्णांना ही एकुलती एक मुलगी. ती सरळ, कामसू आणि नवऱ्यापुढे गप्प. जावईबापूंनी आजवर चुंबकाच्या गाद्या विकल्या होत्या, दातांची काळी पावडर विकली होती, आणि ‘आपल्यातला वाघ ओळखा’ या विषयावर हॉल भाड्यानं घेऊन भाषणं दिली होती. वाघ ओळखायला माणसं आली नाहीत, तेव्हा सासऱ्यांची सेवा करायला म्हणून दोघं इथे राहायला आली. गाद्यांचा उरलेला माल अण्णांच्या आतल्या खोलीत रचला गेला.

आणि एका सकाळी पिशवी जांभळी झाली.

नुसती लघवीच नाही, नळीसुद्धा. मुलगी ओरडली ते मला खाली ऐकू आलं. “अहो, हॉस्पिटलात नेऊ या यांना, अहो!”

मग जावईबापूंचा आवाज आला, त्यांचा जुना हॉलमधला आवाज. “थांब. जांभळा रंग कुठल्या चक्राचा?”

पुढच्या आठवड्यात त्या चक्राची माहिती सगळ्या गल्लीला झाली. समोरच्या खोलीत खाट मधोमध आली. खाटेच्या कडेला पिशवी, पिशवीच्या मागे एक छोटा दिवा, म्हणजे रंग उजळून दिसावा. चारी कोपऱ्यांत उदबत्त्या, कारण खोलीला एक वास येऊ लागला होता. आणि खुर्चीवर पांढऱ्या कपड्यांत जावईबापू, मांडीवर हात उलटे ठेवून.

“मित्रहो,” ते सुरू करत, “माणसाच्या शरीरात सात केंद्रं. सातवं कुठे? डोक्यावर. रंग कोणता? जांभळा! मोठमोठे साधक गुहेत बसून झिजले, तरी डोक्यावर जांभळं कधी दिसलं नाही. आमच्या अण्णाश्रींना...” होय, सासरेबुवांचे ते परस्पर अण्णाश्री झाले होते. “आमच्या अण्णाश्रींना ते न मागता मिळालं.”

“पण साहेब, ते डोक्यात असतं ना? मग इकडून कसं...” रांगेतल्या एका रिटायर्ड पोस्टमास्तरांनी भीतभीत विचारलं.

“ऊर्जा वरून खालीच वाहणार ना काका? टाकी कुठे असते? गच्चीवर. नळ कुठे असतो?”

पोस्टमास्तरांनी मान डोलावली. टाकी आणि नळ म्हटल्यावर विज्ञान आलं, आणि विज्ञान आलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न विचारत नाहीत.

अण्णांचा डावा हात तेवढा चालत होता. तो हात सारखा नळीकडे जाई, नळी ओढू बघे. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा खोलीत हाहाकार उडाला. जावईबापूंनी समजावलं, “अण्णाश्री म्हणतात, हे मला नको, हे तुम्ही घ्या. केवढा त्याग!” मग त्या त्यागी हातानं खरोखरच काही काढून देऊ नये म्हणून तो रेशमी रुमालानं खाटेच्या दांडीला बांधला. येणारे त्या बांधलेल्या हातावर डोकं टेकवत. हात मूठ वळून दांडीवर आपटत राही. एकदा आपटला तर ‘होकार’, दोनदा आपटला तर ‘धीर धर’. एका बाईनं विचारलं, सुनेला दिवस जातील का? अण्णांनी तिच्या डोळ्यांत बघत सलग इतक्या वेळा मूठ आपटली, की ती रडतच खाली आली. “जुळी नाही हो, तिळी आहेत बहुतेक!”

मी दोनदा वर जाऊन आलो. अण्णा माझ्याकडे बघत होते ते गिऱ्हाइकाकडे बघत तसं नव्हतं. पाण्यात पडलेलं माणूस काठावरच्याकडे बघतं, तसं होतं.

थोड्याच दिवसांत दुसरं अंग प्रकट झालं. अण्णांना हुडहुडी भरू लागली. आधी दात वाजत, मग खांदे, मग सगळी खाट खडखडे. डोळे पांढरे होत. कुणीतरी मागून म्हणे, “संचार झाला, संचार झाला.” खाटेचा लोखंडी आवाज जिन्यात पोचला की रांग जागच्या जागी हात जोडून उभी राही. ज्याच्या नशिबात त्या वेळेला वर असणं होतं, तो आठवडाभर जावयासारखा मिरवे.

मुलगी घाबरली. बापाच्या अंगाला हात लावला तर चटका बसत होता. जावईबापूंनी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. दोन दिवसांत ताप उतरला. आणि घात झाला! पिशवीचा रंगही उतरला. आधी फिकट, मग मळकट पिवळा. रांग चुळबुळू लागली. लांबून आलेलं एक कुटुंब तर “आम्ही भाड्याची गाडी करून आलोय” म्हणत दारातच भांडलं. गोळ्या बंद झाल्या. चार दिवसांत रंग परतला, ताप परतला, खाट वाजू लागली. मुलीनं हट्ट धरला, पुन्हा गोळ्या आल्या, रंग गेला. गोळ्या बंद, रंग हजर. आणखी एकदा हेच.

दुसऱ्या कुणाला यातून भीती वाटली असती. जावईबापूंना भाषण सुचलं.

“लोक मला विचारतात, पुरावा काय? मी म्हणतो, प्रयोग करा! मी तीनदा केला. गोळी दिली, शक्ती निघून गेली. गोळी थांबवली, शक्ती परत आली. तिन्ही वेळा! रसायन आणि दिव्यत्व एका घरात नांदत नाही, हे मी सिद्ध केलंय. याला सायन्स नाही तर काय म्हणतात?”

टाळ्या. उतरताना प्रत्येकाच्या हातात चुंबकाच्या गादीचा कागद.

माझं ब्लडप्रेशर बघायला मी त्याच डॉक्टरीणबाईंकडे जातो. पट्टा दंडावर असताना गंमत म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं, चक्र, टाकी, नळ आणि तिळ्यांसकट. मला वाटलं, हसतील. त्यांनी पट्टा तसाच सोडून दिला.

“हुडहुडी म्हणालात?”

“खाट वाजते. लोक संचार म्हणतात.”

“नळी बदलली का?”

“बदलतात कसली! तिला फुलं वाहतात.”

बाईंनी पुढचा पेशंट थांबवला आणि माझ्याबरोबर निघाल्या. माझं ब्लडप्रेशर किती होतं ते मला अजून कळलेलं नाही.

रांगेतून वर जाताना त्यांना तीनदा “ओ बाई, रांग आहे” ऐकावं लागलं. खोलीत शिरून त्यांनी आधी अण्णांचा हात सोडला, मग नाडी बघितली, मग पोटावर बोटं टेकवली. अण्णांच्या घशातून जो आवाज आला तो ऐकून पुढच्या ओळीतल्या दोघांनी नमस्कार केला.

“यांना आत्ताच्या आत्ता न्यायला हवं. नळीत जंतू वाढलेत. रक्तात उतरायला लागलेत.”

“मॅडम,” जावईबापू हसले, “तुमच्या ज्ञानाचा मी आदर करतो. पण तुमच्याच गोळ्यांनी प्रयोग केलाय मी. तीनदा.” आणि त्यांनी तो प्रयोग पुन्हा सविस्तर सांगितला.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “प्रयोग उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “निष्कर्ष तेवढा उलटा काढलात. जंतूंच्या औषधानं जे जातं, ते जंतूंचंच असणार ना? देव अँटिबायोटिकला कशाला घाबरेल?”

खोलीत कुजबुज झाली. जावईबापूंनी आवाज चढवला. “पेशंट आमचा आहे. नातेवाइकांची संमती नाही. हो ना गं?”

मुलगी खाली बघत राहिली.

“बाई, तुम्ही उगाच पाप घेऊ नका डोक्यावर,” मागून एक जण म्हणाला. “असा चमत्कार जगात दुसरा नाही.”

“आहे की,” बाई म्हणाल्या. “माझ्या वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर. अगदी असाच. चला, दाखवते.”

“दुसरा?” जावईबापू खुर्चीवरून उठलेच. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरीखुरी चिंता दिसली. धंद्यात पडलेल्या माणसाला देवापेक्षा शेजारचं दुकान आधी कळतं.

अण्णांजवळ बाईंनी एका नर्सला फोन करून बोलावून बसवलं, आणि आम्ही निघालो: मुलगी, जावईबापू, पोस्टमास्तर, मी आणि भक्तांतले डझनभर.

वॉर्ड लांबलचक, भिंतींना अर्ध्या उंचीपर्यंत हिरवा रंग. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी पडली होती, एवढीशी, घडी करून ठेवल्यासारखी. तिच्या मुलांनी तिला दाखल करताना फोन नंबर दिला होता तो एका सिमेंटच्या गोदामाचा निघाला. खाटेच्या आकड्याला पिशवी लटकत होती. जांभळी. अण्णांच्या पिशवीची सख्खी बहीण.

मग एकानं हळूच चपला काढल्या.

“घाला,” बाई म्हणाल्या. “फरशीवर काय काय सांडलेलं असतं. या आजी तीन आठवडे इथे आहेत, हाच रंग घेऊन. रोज झाडूवाली, वॉर्डबॉय, शेजारच्या पेशंटचे पाहुणे, सगळे या पिशवीवरून जातात. कुणी डोकं टेकवलं नाही. कारण काय असेल?”

कारण मला दिसत होतं. म्हातारीला जावई नव्हता.

“ही डुप्लिकेट आहे,” जावईबापू म्हणाले. “शेड बघा ना. फिका आहे.”

“आजींना जुलाबाचं औषध रोज मिळतं, म्हणून फिका आहे,” बाई म्हणाल्या. “पोट तुंबलं की रंग चढतो. यांची नळी आज बदलायचीच आहे. थांबा इथेच.”

पडदा ओढला गेला. आतून म्हातारीचं कण्हणं आलं, मग थांबलं. बाई बाहेर आल्या त्या हातमोजे घातलेल्या, स्टीलच्या ट्रेमध्ये जुनी नळी घेऊन. पात्यानं त्यांनी ती उभी चिरली, मासा चिरतात तशी, आणि उलगडून धरली.

आत पांढरट, करडा, बुळबुळीत थर होता. मधे बारीक खडे. नळीचं भोक निम्म्याहून अधिक बुजलेलं.

“हा तुमचा चमत्कार. या, वास घ्या.”

“कशाला...”

“कशाला काय? रोज नळीला बाहेरून हात लावता ना? आज आतून दर्शन घ्या.”

ट्रे फिरला. एक भक्त खिडकीकडे धावला. पोस्टमास्तरांनी मात्र नाकाला रुमाल लावून वाकून बघितलं, आणि आयुष्यात राहून गेलेला पुढचा प्रश्न विचारला. “मग बाई, गोळ्यांनी हे मरत का नाही?”

“सकाळी दातांवर जो चिकट थर असतो, तो नुसती चूळ भरून जातो का?”

“नाही. घासावं लागतं.”

“तसाच हा. बायोफिल्म म्हणतो आम्ही. नळी शरीरात गेली की जंतू तिला चिकटतात, आणि स्वतःभोवती हा चिकट पदार्थ सोडून त्यात घर करतात. आम्ही अँटिबायोटिक देतो तेव्हा लघवीत मोकळे पोहणारे मरतात. ताप उतरतो, रंग उतरतो. घरातले तसेच राहतात. औषध तिथवर धड पोचत नाही, आणि पोचलं तरी आतले जंतू सुस्त पडलेले असतात, त्यांच्यावर चालत नाही. गोळ्या थांबल्या की ते पुन्हा बाहेर. म्हणून आधी नळी काढून फेकायची, नवी घालायची, आणि मग औषध. पूर्ण दिवस.”

“आणि रंग?”

“आपण खातो त्यातल्या एका घटकाचे तुकडे होत होत ते लघवीत उतरतात. काही जंतू त्यापासून दोन रंग बनवतात, एक निळा, एक लाल. प्लास्टिकवर दोन्ही मिसळले की जांभळा. त्यातला निळा म्हणजे नीळ. जीन्स रंगवतात तीच.”

अण्णांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पांढऱ्या कपड्यांना नीळ दिली होती. आता ते घरच्या घरी उत्पादन करत होते आणि गल्ली तिला हात जोडत होती.

पडद्यामागे आजीला नवी पिशवी लावली होती. बाईंनी पडदा सारला. पिशवीच्या तळाशी थोडी लघवी साचली होती. पिवळी. साधी, तुमच्या-माझ्यासारखी पिवळी. इतक्या निराशेनं लघवीकडे बघणारी माणसं मी पूर्वी पाहिली नव्हती.

मुलगी ट्रेजवळून हललीच नव्हती. “हा वास आमच्या घरात आहे,” ती म्हणाली. “आम्ही उदबत्त्या लावतो त्यावर.” मग बाईंकडे बघून, “अण्णा थरथरतात ते...”

“जंतू रक्तात शिरले की अशी थंडी भरते.”

“लोक संचार म्हणतात.”

“संचारच आहे. कुणाचा, ते ट्रेमध्ये बघितलंस.”

मुलगी नवऱ्याकडे वळली. इतक्या वर्षांत तिनं त्याला लोकांसमोर प्रश्न विचारल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. “अण्णांचं जुलाबाचं औषध तुम्ही का बंद केलंत?”

जावईबापूंनी इकडेतिकडे बघितलं. चक्र, ऊर्जा, टाकी, काहीच हाताशी लागेना. घाईत त्यांच्या तोंडून त्या सबंध प्रकरणातलं एकमेव खरं वाक्य निघून गेलं.

“रंग उतरत होता म्हणून.”

अण्णांना त्या दुपारीच हॉस्पिटलात आणलं. मुलीनं सही केली. त्यांची नळी काढली तेव्हा ती चिरून दाखवण्याची गरज नव्हती, ती बाहेर येतानाच तुटायला आली होती. नवी नळी घातली, लघवी तपासायला गेली, आणि रिपोर्ट आला तेव्हा जावयाच्या तिहेरी प्रयोगाचा खरा निकाल लागला. अर्धवट दिलेल्या गोळ्यांतून दरवेळी जे जंतू तगले होते, ते सगळ्यांत चिवट होते. नेहमीच्या अँटिबायोटिकपैकी एकही त्यांच्यावर चालत नव्हतं. एक इंजेक्शन तेवढं उरलं होतं.

“यानं वाचतील,” बाईंनी मुलीला सांगितलं. “पण हे कानांवर जातं कधीकधी. यांचं वय, मूत्रपिंडं थकलेली. ऐकू येणं जाऊ शकतं, आणि गेलं की परत येत नाही.”

“न दिलं तर?”

बाईंनी रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला. मुलगी म्हणाली, “द्या.”

अण्णा वाचले. कान गेले.

ते घरी आले तोपर्यंत व्यायामानं जीभ थोडी वळू लागली होती. अण्णाश्री बोलणार, ही बातमी जावईबापूंनीच सोडली असावी, कारण जिन्यात पुन्हा चपला दिसल्या. पूर्वीची रांग नव्हती. वॉर्डात आलेल्यांपैकी फक्त पोस्टमास्तर होते. बाकी सगळे नवीन, आणि आल्याआल्या पिशवीकडे बघून तोंड वाकडं करणारे. पिशवी पिवळी होती. दिवा काढून टाकलेला होता. अण्णांचा हात सुटा होता.

“मित्रहो,” जावईबापू खुर्चीवरून सुरू झाले, “रंग गेला, पण रंगाच्या पलीकडे काय असतं? नाद! आज मौन सुटतंय...”

ते बोलत राहिले. ऊर्जा आली, कंपनं आली, वाघसुद्धा येऊन गेला. अण्णा त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे थंडपणे बघत होते. सगळ्या इमारतीत जावयाच्या जिभेपासून सुरक्षित असा तो एकच माणूस होता.

मग त्यांनी तोंड उघडलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. शब्द जाड आला, पण खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला.

“दुखत होतं!”

जावईबापू थांबले.

“रोज... दुखत होतं. सांगत होतो.” डावा हात वर उचलून त्यांनी मूठ वळली आणि दांडीवर आपटली. “सांगत... होतो!”

मुलीनं त्यांचे पाय धरले. “माझं चुकलं अण्णा. मला माफ करा.”

“काय?”

“माफ करा!”

“काय म्हणतेस?”

ती ओरडली. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या, इतकी ओरडली. अण्णा कानामागे हात धरून तिच्याकडे बघत राहिले आणि पुन्हा म्हणाले, “काय?”

तेवढ्यात मागच्या रांगेतून एका माणसानं शेजारच्याला विचारलं, अगदी श्रद्धेनं, “म्हणजे याचा अर्थ काय घ्यायचा?”

तुमच्यापैकी कुणाला हाच प्रश्न पडला असेल, तर सांगतो. अर्थ घ्यायचा नाही. माणूस ‘दुखत होतं’ म्हणाला म्हणजे त्याला दुखत होतं. घरात कुणाला अशी नळी असेल तर ती डॉक्टरनं सांगितलेल्या मुदतीत बदला. पिशवीचा रंग पालटला तर पाहुणे बोलावू नका, डॉक्टर बोलवा. ताप उतरला म्हणून औषध अर्धवट सोडू नका, आणि औषधवाल्याला विचारून चालू करू नका. अंथरुणातलं माणूस थरथरू लागलं तर हात जोडण्याआधी त्याच्या कपाळाला लावून बघा. आणि त्याचा हात जिथे सारखा जातोय, तिथे काय होतंय ते त्यालाच विचारा. तो मान हलवून सांगेल, मूठ आपटून सांगेल. ते ऐकायला तुमचे कान अजून शाबूत आहेत.